इथे थांबू नका

—नाही, नाही, गिअर टाकू नका, अहो, एक मिनिट! काच जरा खाली घ्या — हां, एवढी पुरे, हात आत घालत नाही मी. घाबरलात? घाबरणारच म्हणा, दाढी वाढलेली, एका पायात बूट, दुसरा तिकडे झुडपावर वाळत घातलाय, सकाळी पाणी भरताना पाय नदीत गेला. चोर नाही मी. चोर असतो तर असा ढळढळीत उन्हात हात हलवत पळत आलो असतो का? आणि इथे चोर नाहीतच. तुम्ही फोनवर, गाडीत झोपायच्या जागा सांगणाऱ्या त्या ॲपवर, काय वाचलंत ते मला माहीत आहे. गाडी आत घेतलीत, मागच्या चाकाखाली पाचर लावून गाडी सपाट केलीत, खाली उतरून नदीच्या पाण्याने तोंड धुतलंत — मी तिथे खुर्चीत होतो, बघत होतो — मग फोन काढलात, आणि दोन मिनिटांत पाचर परत डिक्कीत. सगळे असंच करतात. सतरा दिवस बघतोय. जागा दिसते, जागा आवडते, चेहरे उजळतात, आणि मग कुणाला तरी आठवतं की बाकीच्यांनी काय लिहिलंय ते एकदा बघू या. बघतात, आणि निघून जातात.

तुम्ही जाऊ नका. पाया पडतो हवं तर. आज किती चालवलीत? खरं सांगा. आठ तास? नऊ? आणि तुमचे मालक मागे झोपलेत, त्यांची पाठ धरलीय — मघाशी तुम्ही त्यांना गोळी देताना दार उघडं होतं म्हणून दिसलं, कान लावून नव्हतो मी. म्हणजे आख्खा रस्ता तुम्हीच. डोळे बघा आरशात, सशासारखे लाल झालेत. — थकला नाहीत? असं वाटतं. इथे तसंच वाटतं. तुमच्या बेल्जियममध्ये दहा-साडेदहाला अंधार पडतो, अंगाला कळतं की आता पुरे. आमच्या डेन्मार्कमध्येही तसंच. या नॉर्वेत उजेड संपतच नाही, आणि माणसाला वाटतं आपण अजून ताजे आहोत — काय घाई आहे, अजून तासभर जाऊ, पुढचं ठिकाण बघू. अहो, पुढे ठिकाण नाही. पुढे अडतीस किलोमीटर काही नाही, एका बाजूला कडा, एका बाजूला तळं, आणि मध्ये ही एवढीशी सडक. मला माहीत आहे. त्या रस्त्यावरचा दगडन् दगड माहीत आहे.

— तो शेरा? खोटा आहे. साफ खोटा. कुणीतरी हलकटाने लिहिलाय. असतात की असे लोक. तुम्ही किती वर्षं फिरताय असं गाडी घेऊन? सहा? मग तुम्हाला मी काय सांगायचं! चांगली जागा सापडली की लोक खरं लिहितात का? 'डास फार', 'गटाराचा वास', 'पोलीस पहाटे दार वाजवतात' — पोलीस लिहिलं की जर्मन येत नाहीत, डास लिहिलं की फ्रेंच येत नाहीत — हसा, हसा, खरं आहे ते. सगळे करतात. आपली जागा आपल्याला रिकामी मिळावी, एवढंच. त्यात कुणाचं वाईट व्हावं असं नसतं मनात.

पण हा शेरा तसला नाही, म्हणता? हो. हा तसला नाही. 'रात्रीत दोनदा आले. बाजूची काच फोडली. आम्ही आत झोपलेलो होतो, काहीतरी फवारलं असावं, कुणालाच जाग आली नाही. पासपोर्ट गेले, पैसे गेले, बायकोच्या गळ्यातली साखळी गेली. इथे थांबू नका.' — पाठ आहे, हो. पाठ म्हणजे काय, इतके दिवस वाचतोय. — बायकोचं काय झालं? कुठली बायको? त्याला बायको नाहीच आहे, साखळी कुठली आणि काय कुठलं —

म्हणजे — असेल. मला काय माहीत. कुणी का असेना.

कॉफी घ्याल? गरम आहे. राय पाव आहे, लिव्हरची पेस्ट आहे डब्यातली, आस्गरला तीच लागायची, वर काकडीचं लोणचं. आस्गर माझा भाऊ. मोठा. अकरा वर्षांनी मोठा. आमचा बाप समुद्रावर असायचा, मग नसायचाच, तेव्हा मला सायकल, पोहणं, मारामारी, सगळं त्यानेच शिकवलं. शाळा काही त्याला शिकवता आली नाही, नववीतच सोडली मी. मग मासळीच्या कारखान्यात चिकटवलं मला, तेही त्यानेच. तो छपरांची कामं करायचा. ती निळी गाडी दिसते ना माझी — नाही, ती भाड्याची आहे. त्याची वेगळी होती. बेकरीची जुनी व्हॅन. पावाचा वास गेला नव्हता शेवटपर्यंत. दोन हिवाळे लागले आम्हाला तिच्यात पलंग, ओटा, सगळं बसवायला. तो मोजायचा, मी कापायचो, मी चुकीचं कापायचो, तो म्हणायचा, 'येप्पे, लाकूड परत वाढत नाही रे, बाबा.'

ही जागा आम्हीच शोधली. दोन वर्षांपूर्वी. तेव्हा नकाशावर नव्हती. चार दिवस राहिलो, एक माणूस दिसला नाही. निघताना आस्गरने ॲपवर टाकली. मी म्हटलं, अरे गाढवा, कशाला सांगतोस दुनियेला? तर म्हणतो, 'आपण दुसऱ्यांनी सांगितलेल्या जागी झोपतो ना? मग आपणही सांगायचं.' त्याचा एक नियम होता: जिथे रात्र काढली त्याच जागेबद्दल लिहायचं, आणि खरं तेच लिहायचं. टॉयलेटची टाकी कुठे रिकामी करता येईल, किती मीटर लांबीपर्यंतची गाडी बसेल, हे सगळं. शाळामास्तरच.

मग पुढच्या उन्हाळ्यात आम्ही आलो तर इथे सात गाड्या. सात! एकाचा जनरेटर चालू, एकाची पोरं माझ्या झाडाला झोका बांधून — माझं झाड म्हणजे, तेच ते वाकलेलं, तिकडे. जागाच नाही. आस्गर हसला नुसता, म्हणाला, बघ, लोकांना आवडली. आणि गाडी वळवली. माझं डोकं फिरलं. त्या रात्री तो झोपल्यावर —

काय बोलत होतो मी?

हो. मीच लिहिलं. झालं? आता काढा तोंडातून काय शिव्या काढायच्या त्या. दुसऱ्या नावाने खातं उघडलं आणि लिहिलं. नुसते डास लिहून भागणार नव्हतं, मला सगळेच्या सगळे हाकलायचे होते. आणि गाडीत झोपणारा माणूस कशाला सगळ्यात जास्त घाबरतो ते मला माहीत होतं. आस्गरमुळेच माहीत होतं. फ्रान्समध्ये, लिऑनच्या बाहेर एकदा त्याची काच फोडली होती, तो आत झोपलेला असताना. सकाळी उठला तर पायाशी काचा आणि पँट गायब. तेव्हापासून त्याला ते गॅसचं खूळ — चोर आत गॅस सोडतात म्हणे, आणि मग माणूस उठत नाही. मी चिडवायचो, अरे तू असाही भूकंपात उठत नाहीस, चोराला गॅसचा खर्च कशाला? पण चोरीचं एक अक्षर जरी कुठे लिहिलेलं दिसलं, तरी तो तिथे थांबायचा नाही. कितीही थकलेला असो. मग मी तेच लिहिलं. त्याची काच, त्याचा गॅस, नि वरून एक बायको घातली, खरं वाटावं म्हणून. लोकांनी खाली अंगठे दिले, 'उपयोगी', 'उपयोगी', बेचाळीस जणांनी. म्हणून तो सगळ्यात वर दिसतो. मला तेव्हा हसू आलं होतं. जन्मात माझं लिहिलेलं कुणाला एवढं आवडलं नव्हतं.

त्याला सांगितलं नाही. सांगणार कसा? त्याने मारलं नसतं, नुसतं बघितलं असतं माझ्याकडे.

या वर्षी आम्ही दोघे मिळूनच निघालो होतो. नॉर्वेला गाड्या नेणाऱ्या बोटीच्या रांगेत उभे होतो, आणि भांडलो. कशावरून? टॉयलेटच्या टाकीवरून! पाळी माझी होती, मी केली नव्हती रिकामी, तो म्हणाला दर वेळी मीच का तुझी घाण — आणि मी पिशवी उचलली आणि उतरलो. तो काच खाली करून हाका मारत होता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी वळून बघितलं नाही. वाटलं, दोन दिवसांनी फोन करेल, करतोच तो. मी पुढची बोट पकडून जाईन.

तो सरळ इथे आला. एका दमात, दिवसभर. का आला कळत नाही, मी इथे गाठेन असं वाटलं असेल. जागा रिकामी होती — असणारच, मी रिकामी करून ठेवली होती. गाडी लावली. आणि तुमच्यासारखाच फोन काढला, कारण त्याचा दुसरा नियम, झोपण्याआधी लोकांनी काय लिहिलंय ते बघायचं. आणि वाचलं. आणि पुढे गेला. अडतीस किलोमीटर. तळ्यावरच्या वळणावरून गाडी सरळ पाण्यात. पोलीस बाई म्हणाली, ब्रेकची खूणसुद्धा नाही रस्त्यावर, झोप लागली असणार. लख्ख उजेड होता हो! असा, आत्ता आहे तसा. त्या उजेडात माणूस झोपतो कसा?

आईला वाटतं तो इथे थांबला नाही कारण त्याला पुढे जायचं होतं. असंच सांगितलंय मी.

— काढून का टाकत नाही? तेच विचारणार तुम्ही, माहीत होतं. खाली लिहिलंय मी, दहा वेळा लिहिलंय, खोटं आहे, बिनधास्त थांबा. ॲपवाल्यांनी मलाच बंद केलं, एकच माणूस एका जागेवर इतकं का लिहितो म्हणून. म्हणून मग इथे बसतो. येईल त्याला सांगतो. काही जण थांबतात. तुमच्याआधी एक म्हातारा-म्हातारी थांबली, सुखाने झोपली, सकाळी मला अंडी देऊन गेली. परवा मात्र मी दुकानात गेलो होतो पावासाठी, तासाभराने आलो तर इथे चाकांचे ओले माग, आत आलेले आणि बाहेर गेलेले. गाडी घेऊन मागे गेलो. त्या वळणापर्यंत. खाली वाकून पाण्यात बघितलं. काही नव्हतं. मग पुढच्या गावापर्यंत गेलो, प्रत्येक गाडीत डोकावलो, लोक शिव्या देत होते.

तो शेरा काढता येतो. ज्या दुसऱ्या नावाने तो लिहिला, ते जुनं खातं अजून चालू आहे. एक बटण. पण तुम्ही खाली नाही बघितलंत. शेऱ्याखाली उत्तर आहे, बघा. गोल चित्रात टोपी घातलेला. रात्रीचे दहा वाजून एकेचाळीस मिनिटं. ते त्याचं आहे. वरचं काढलं की खालचं जातं, तसंच आहे त्या ॲपचं, मी विचारून घेतलंय. — फोटो? फोटो काढलेत हो, शंभर काढलेत, आईच्या फोनमध्येही टाकलाय. फोटो म्हणजे फोटो. हे तिथे आहे. तिथे तो लिहून गेलाय, कुणीही आलं तर पहिल्यांदा वाचल्यासारखं वाचतं. माझ्याशी बोललेलं ते शेवटचं आहे. त्याला माहीत नव्हतं माझ्याशी बोलतोय म्हणून, पण माझ्याशीच ना? दुसऱ्या कुणाला लिहिलंय ते?

— काय म्हणालात?

हे काय बोलणं झालं? मी काढला तर तुम्ही थांबणार, नाही तर निघणार? सौदा करताय माझ्याशी? मग जा! जा निघून, घाला गाडी तळ्यात, मालक मागे झोपलेत, त्यांना कळणारही नाही — मला काय करायचंय? बेल्जियमची तुम्ही, मी कोण तुमचा?

थांबा. अहो, थांबा. तसं नव्हतं म्हणायचं. दरवाजा सोडतो मी, हे बघा, सोडला. पण जाऊ नका.

तुम्ही ते स्वतःसाठी मागत नाही आहात. कळतंय मला. उद्या मी नसेन आणि कुणीतरी येईल. कधी ना कधी मला घरी जावं लागेल, कारखान्यातून तीनदा फोन आला. आणि हे असंच राहील वर, बेचाळीस अंगठे घेऊन. कळतंय हो. गाढव नाही मी.

वाचून दाखवू? एकदा मोठ्याने वाचतो, तुम्ही ऐका फक्त, मध्ये काही बोलू नका. 'सांगितल्याबद्दल आभारी आहे. तुमचं जे झालं त्याचं वाईट वाटलं, माझंही एकदा असं झालं होतं. बायकोला सांभाळा. जागा फार सुंदर आहे, माझ्या भावाची आवडती. त्याला कळलं तर हिरमुसेल. पुढे जातो.'

'बायकोला सांभाळा' म्हणतोय. बघा. मी बायको बनवली आणि हा तिची काळजी करतोय.

धरा, फोन धरा जरा, बोटं ओली आहेत. नको — द्या इकडे, तुम्ही नका करू. मीच करतो. विचारतंय खात्री आहे का म्हणून. दर वेळी विचारतं.

गेलं.

सगळं कोरं झालं. आता कुणी आलंच नव्हतं इथे असं दिसतंय.

नाही, पाणी नको. उतरू नका खाली, नका, माझ्या पाठीवर हात ठेवू नका, मी मारेन तुम्हाला. तुम्ही गाडी लावा तिकडे नीट, सपाटीला. पडदे ओढा आणि झोपा. जा हो. झोपा ना.