गेनबा आचाऱ्याचा हात

मंडळी, ऐका! माणसानं अभिमान धरावा का? धरावा! पण कशाचा? — इथंच गल्लत होते!

आपल्या बोरवडीचा गेनबा आचारी. पंचक्रोशीतलं कुठलंही लग्न असो, चुलीपाशी हाच! शिऱ्यात तूप असं ओतायचा, की खाणाऱ्याचं कोपर चकाकायचं. हसू नका — तुम्हीही चाटलंय!

एके दिवशी देवळाची पायरी चढताना छाती दाबून आली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. म्हणाल्या, "गेनबा, कोलेस्टेरॉल फार वाढलंय. रोज गोळी घ्यायची. तूप, डालडा, तळलेलं बंद. भाकरी, कडधान्यं, पालेभाजी खा. आणि चाला!"

"तूप सोडू? मग गेनबा उरला कुठं?"

रुसला! दोन दिवस पानावर बसेना. शेवटी बायको, ठकूबाई, म्हणाली, "अहो, चव तुमच्या हाताला होती का तुपाला? एकदा कळू तरी द्या!"

झोंबलं, मंडळी! ताडकन उठला. चमचाभर तेलात मटकीची उसळ केली — पानचट! ओतून दिली म्हशीपुढं. दुसऱ्या दिवशी कांदा विस्तवावर भाजला, लसूण ठेचला, जवस कुटलं. ठकूबाईनं घास घेतला. ताट पुढं केलं — "वाढा अजून!"

चार महिन्यांनी आकडा खाली आला. बाई म्हणाल्या, "शाब्बास! पण गोळी सोडायची नाही हं!"

मग आला हनुमान जयंतीचा भंडारा. देवळाच्या कमिटीनं डालड्याचे डबे आणून ठेवले. गेनबानं हात लावला नाही! "निम्मी पंगत साठीपुढची आहे. माझ्या हातानं त्यांच्या छातीवर दगड ठेवू?"

"नाव जाईल गेनबा!"

"जाऊ द्या!"

उसळ, भाकरी, अंबाडीची भाजी, ताक. पंगत बसली. गेनबा खांबाआड उभा — एकेकाचं ताट न्याहाळतोय! आणि दत्ताजीआबा, गावातली सगळ्यात नाठाळ जीभ, ओरडले — "अरे, उसळ आण! तूप कुठलं रे हे?"

गेनबा बाहेर आला. छाती पुढं काढून म्हणाला, "आबा, तूप नाही. गेनबा आहे!"

अख्खी पंगत उठून उभी राहिली, मंडळी! ठकूबाईनं पदर डोळ्याला लावला.

आता तुम्ही! हो, पुढच्या रांगेतले — मान कुठं वळवताय? गोळी घेता आणि वर वडा खाता! उद्या उपाशीपोटी जा, रक्त तपासा. आणि कागद खिशात लपवू नका. घरच्या लक्ष्मीच्या हातात द्या! टाळी वाजवा, म्हणा — रामकृष्णहरी!