शिरीननं सोडलेलं पान

शिरीन: जोरानं नका दाबू, अब्बा. बटनावर हलकं टेकवलं की मोबाईल बातमी वाचाले लागते. पुन्हा टेकवलं की थांबते.

कमरुद्दीन: येते मले. सकाळपासून तेच करून राह्यलो.

शिरीन: सकाळपासून? मी तर आता ऑफिसातून येऊन तुमाले शिकवनार होती.

कमरुद्दीन: कालच म्हनली ना तू, मोबाईलच्या खालच्या कोपऱ्यात अंगठा ठेवाचा. ठेवला.

शिरीन: मंग? आवाज बरा हाये?

कमरुद्दीन: बाई चांगली हाये. दमत नाई. मधात घोटभर पानी पन नाई पीत.

शिरीन: बाई नाई ते, मशीन हाये. म्हनूनच तर केलं. सोमवारी मी नागपूरले नवीन नोकरीवर गेली की तुमाले रोज बातम्या कोन वाचून दाखवन? शेजारच्या खातूनबीले मराठी वाचता येत नाई. आता तुमी अन् तुमचा अंगठा. कोनाची वाट पाहाची गरज नाई.

कमरुद्दीन: पन इतकी पानं हायेत म्हनते तुमच्या पेपरच्या वेबसाइटवर. सगळ्याइले बटन कवा लावलं तू?

शिरीन: एकदाच लिहिलं. बटन आनि आवाज मिळून एक तुकडा केला आनि पानाच्या साच्यात बसवून देला. आता जुनं पान असो का नवीन, बटन आपोआप येते. त्याच जागी, त्याच मापाचं.

कमरुद्दीन: म्हनजे एक खोळ शिवली आनि दुकानातल्या सगळ्या गाद्याइले चढवली.

शिरीन: बस, तसंच.

कमरुद्दीन: सगळ्याच?

शिरीन: सगळ्याच. जाहिराती वाचू नको, इतकं सांगून ठेवलं त्याले. बाकी सगळं वाचते. बातम्या, बाजारभाव, गाड्यांचे टाइम...

कमरुद्दीन: निधन वार्ता.

(शिरीन मोबाईल घ्यायला हात पुढे करते.)

कमरुद्दीन: अंगठा घसरला माहा. कवाचं तरी जुनं पान उघडलं. बाई म्हने, बिरजू शेंडे यांचे निधन. मले वाटलं दुसरा कोनी असन. गावात एकच बिरजू थोडीच हाये. पुन्हा दाबलं. म्हने, गादी-रजईचे कारागीर. मंग दुसरा कोन असन?

शिरीन: अब्बा...

कमरुद्दीन: कांद्याचा भाव सांगावा तशी सांगे. लगेच पुढचं मानूस सुरू. मी इथी बसून आयकत राह्यलो, आनखी कोन कोन गेलं ते.

शिरीन: ते पान माह्या ध्यानातच नाई आलं. त्याचा साचा पन तोच हाये, म्हनून बटन तिथी पन गेलं.

कमरुद्दीन: पोळ्याले गेला तो. आता दिवाळी झाली.

शिरीन: हो.

कमरुद्दीन: रोज संध्याकाळी तू वाचत होती. रोज ते पान सोडून वाचत होती.

शिरीन: तुमचं डोळ्याचं ऑपरेशन नुकतं झालं होतं. डॉक्टर म्हनले, उरलेली नजर वाचवाची असन तर याइले रडू देऊ नका. मी म्हनलं, टाके सुकू द्या, मंग सांगतो.

कमरुद्दीन: टाके तर कवाचे सुकले. नजर बी गेलीच.

शिरीन: त्याच दिवशी तुमी म्हनलं, थंडी पडली की बिरजू येईन, दोघं मिळून शिरीनसाठी एक रजई भरू. मंग कशी सांगू? दुसऱ्या दिवशी आनखी कठीन. मी थकली, अब्बा. दिवसभर कॉम्प्युटरसमोर, घरी आली की तुमचं वाचन, आनि वाचता वाचता पुढं काय येते ते आधी पाहून ठेवाचं. कदी कदी वाटे, कोनीतरी बाहेरून येऊन सांगून टाकावं याइले. माह्याकडून नाई होत.

कमरुद्दीन: त्याच्या घरून निरोप नाई आला?

शिरीन: आला होता.

कमरुद्दीन: कोन आलं?

शिरीन: त्यांचा पोरगा, लोकेश. घाटावर नेन्याच्या आधी आला. मी दारातूनच बोलली. म्हनलं, अब्बा झोपले हायेत, मी सांगतो त्याइले. त्यानं मान हलवली आनि गेला.

कमरुद्दीन: म्हनजे बिरजूच्या रुखमाबाईले वाटते, मले मालूम हाये.

शिरीन: हो.

कमरुद्दीन: मालूम असून कमरू आला नाई. घाटावर नाई, तेरवीले नाई. पोळ्यापासून आजपर्यंत बिरजूच्या दारात पाय नाई ठेवला. शिरीन, दर थंडीत आमी दोघं गाद्या भराले सिरोंच्याकडं जावो. तो गिऱ्हाइकासंग तेलुगूत बोले, मी कापूस पिंजत राहो. माहा रोजा असला का तो माह्यासमोर पानी नाई पिये. लपून पिऊन ये म्हनलं तरी नाई. माह्या बापाच्या मय्यतीले त्यानं खांदा देला. आनि मी त्याच्या मातीले नाई गेलो.

शिरीन: काढून टाकू त्या पानावरचं बटन?

कमरुद्दीन: नोको. जे हाये ते वाचू दे त्या बाईले. मले आता सगळंच आयकू दे.

शिरीन: माफ करा मले.

कमरुद्दीन: राग तर हाये. खूप हाये. पन तुह्यावर ठेवून मी एकटा काय करू? तू वाच ते एकदा.

शिरीन: तुमी आयकलं ना.

कमरुद्दीन: तिनं सांगितलं. तू वाच. सावकाश.

शिरीन: "येथील गादी-रजईचे जुने कारागीर बिरजू शेंडे यांचे अल्पशा आजाराने राहत्या घरी निधन झाले. त्यांच्या पश्चात... पत्नी रुखमा, मुलगा लोकेश, सून..."

कमरुद्दीन: रडू नोको. वाच.

शिरीन: "...सून आणि नातवंडे असा परिवार आहे. वर्धा नदीच्या घाटावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले." संपलं.

कमरुद्दीन: आजार कोनता?

शिरीन: ताप होता म्हने. पावसातून घरी आले, मंग उठलेच नाई.

कमरुद्दीन: अंगावरच काढला असन त्यानं. दवाखान्याचं नाव काढलं का चिडे. माही टोपी दे. आनि स्कूटी काढ.

शिरीन: आता जाचं?

कमरुद्दीन: मंग कवा? पोळा गेला, दिवाळी गेली, आनखी एक सन जाऊ देऊ?

शिरीन: चला. रुखमाकाकूइले मीच सांगतो. मीच लपवलं, तुमाले काईच मालूम नव्हतं.

कमरुद्दीन: तू काई नोको बोलू तिथी.

शिरीन: चूक माही हाये, अब्बा.

कमरुद्दीन: हाये. पन लोकेश तुह्यावर भरवसा ठेवून गेला होता, रुखमाबाईनं तुले मांडीवर खेळवलं हाये. तिच्या मनातून उतरून परगावी नोको जाऊ तू.

शिरीन: मंग त्याइले काय सांगाचं?

कमरुद्दीन: शिरीननं त्याच दिवशी सांगितलं होतं, म्हनीन मी. माहाच पाय नाई उचलला.