कालव्याकाठची मुळं

श्यामकांत: म्हणजे मुळा नव्हे.

निशिगंधा: नाही बाबा. दिसायला मुळ्याच्या जातीचंच, पण काळपट आणि ओबडधोबड. किसलं की मोहरी फेसल्यासारखं नाकातून थेट डोक्यात जातं. इथे मिरिक्सवॉर्टल म्हणतात. रानात आपोआप वाढतं.

श्यामकांत: आणि ते उपटायला माझी मुलगी एम.कॉम. झाली, सूनबाई.

निशिगंधा: उपटायला नाही, खणायला. उपटलं तर अर्धं आत राहतं. तुम्ही चहा घ्या ना, निवतोय.

श्यामकांत: या उकाड्यात निवला तर बरंच. ॲमस्टरडॅमला येतोय म्हणून मी दोन स्वेटर आणले, आणि तुमच्या या बुइटनव्हेल्डर्ट भागात घरात साधा पंखा नाही. बरं, ती मुळं विकत कोण घेतं?

निशिगंधा: पोलिश लोक. पूर्णिमा डच शिकायला जायची ना, तिथे तिला बोझेना भेटली. तिचं छोटं दुकान आहे, इथे कामाला आलेले पोलिश लोक तिथेच सामान घेतात. मटणाबरोबर, अंड्याबरोबर, त्यांना हे लागतंच. आणि बाजारातल्यापेक्षा रानातलं जास्त झणझणीत. बोझेनाने चाखायला दिलं, तर पूर्णिमाच्या डोळ्यांतून पाणी आलं. घरी येऊन तिने दह्यात कालवून, वरून हिंगाची फोडणी दिली. ओमकार तर त्या दिवशी पोळी सोडून तेच खात बसला.

श्यामकांत: जावईबापूंना काय, काहीही आवडतं. मी पुण्यात सगळ्यांना सांगून बसलोय की ती बँकेत आहे.

निशिगंधा: बँकेतच जायचं होतं तिला. पण आल्यावर वर्षभर नुसते इंटरव्ह्यू. डच येतं का, विचारायचे आणि मग कळवतो म्हणायचे. तुमचा अनिमेष रोज म्हणायचा, ताईला काहीतरी सुचव. ती नुसती सायकल घेऊन भटकायची. भटकता भटकताच तिला ही पानं दिसली, हाताएवढी लांब, केसच्या शेतात.

श्यामकांत: कशाच्या?

निशिगंधा: केस. शेतकऱ्याचं नाव आहे, हसू नका. त्याची गाईंची कुरणं आहेत, इथून सायकलवर जवळच. पूर्णिमाने रीतसर त्याच्या दारात जाऊन विचारलं. इथे दुसऱ्याच्या जमिनीतून रोपटं खणायचं तर मालकाची परवानगी लागते. केस म्हणाला, सगळं ने, माझ्या गाईंना ते नकोच असतं. फक्त एक म्हणाला, कालव्याच्या बांधाला फावडं लावायचं नाही. बांध त्याचा नाही. पाण्याचं इथे वेगळंच सरकार असतं, वॉटरस्खाप. बांध, कालवे, पंप सगळं त्यांच्याकडे. निवडणूकसुद्धा वेगळी.

श्यामकांत: हे मात्र शहाणपणाचं आहे. पाटबंधारे खात्यात असताना मी हेच म्हणायचो, आमच्यात आमदारांना घुसू देऊ नका. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं.

निशिगंधा: हो.

श्यामकांत: आणि तरी बांध खणला.

निशिगंधा: बाबा, आधी ऐका तर. वसंतात छान चाललं होतं. धंद्याची नोंदणी केली, बोझेना दर आठवड्याला वाट बघायची. मग हा जुलै आला. पाऊस नाही, नुसतं ऊन. केसच्या शेताला भेगा पडल्या. पूर्णिमा म्हणाली, फावडं मारलं की दगडावर मारल्यासारखं परत येतं. पानं करपली. वर पानच नसेल तर खाली मूळ कुठे आहे ते कळणार कसं?

श्यामकांत: हॉलंडात दुष्काळ. सोलापूरच्या लोकांना सांगितलं तर पोट धरून हसतील.

निशिगंधा: आणि नेमकं तेव्हाच बोझेनाच्या भाचीचं लग्न. बोझेना पूर्णिमाला म्हणाली, बाकी कुणाला नको देऊस, पण लग्नाला मला हवंच. हिने शब्द दिला. मग शोधत शोधत कालव्यापर्यंत गेली. तिथे पाणी वर आणि शेतं खाली, मध्ये तो बांध. सगळीकडे गवत पिवळं पडलेलं, आणि बांधाच्या पायथ्याशी एकच जागा हिरवीगार. तिथे हीच पानं, तजेलदार, जणू कोणी रोज पाणी घालतंय.

श्यामकांत: थांब. पायथ्याशी? शेताच्या बाजूला?

निशिगंधा: हो, खालच्या बाजूला.

श्यामकांत: आणि बाकी सगळं वाळलेलं?

निशिगंधा: सगळं. का?

श्यामकांत: काही नाही. तू सांग.

निशिगंधा: संध्याकाळची वेळ. तिने इकडेतिकडे बघितलं, बराच वेळ उभी राहिली म्हणाली, आणि मग खणलं. माती लोण्यासारखी. मूळ निघालं ते मनगटाएवढं जाड. इतकं मोठं तिला कधीच मिळालं नव्हतं, हरखली. आणि मग बघते तर खड्ड्यात पाणी भरायला लागलं. हळूहळू, खालून.

श्यामकांत: अरे देवा.

निशिगंधा: तिने घाईघाईने माती परत लोटली, पायाने दाबली, मूळ पिशवीत टाकलं आणि घरी आली. कुणी पाहिलं नव्हतं.

श्यामकांत: कुणी पाहिलं नाही? मग पकडली कशी? अनिमेष तर म्हणाला, सरकारने बोलावलंय.

निशिगंधा: पकडली नाहीच. अनिमेषने तुम्हाला अर्धंच सांगितलंय. तुम्ही चिडाल म्हणून.

श्यामकांत: मी कधी चिडतो?

निशिगंधा: मी चहा गरम करून आणू का?

श्यामकांत: चहा राहू दे. पुढे?

निशिगंधा: घरी आली ती जेवेना. ओमकारने दोनदा विचारलं तेव्हा सांगितलं. तो म्हणाला, गप्प बस. त्याच्या परमिटचं नूतनीकरण चालू आहे आणि हिचा इथला मुक्काम त्याच्या परमिटवर. गुन्हा नोंदला गेला तर काय घ्या. शिवाय या कोरड्या दिवसांत वॉटरस्खापची माणसं रोज बांधावरून फिरतात, भेगा शोधतात. त्यांना सापडेलच की. खोटं नव्हतं त्याचं. मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

श्यामकांत: मीही.

निशिगंधा: ती म्हणाली, बांधावरून चालणाऱ्याला वरच्या भेगा दिसतील. मी माती दाबून ठेवलीय, खाली कोण बघणार? आणि केसचं घर कालव्याच्या पाण्यापेक्षा खाली आहे. त्याच्या नातवंडांच्या खाटा तळमजल्यावर आहेत. मग तिने वॉटरस्खापला फोन लावला आणि आपल्या त्या मोडक्यातोडक्या डचमध्ये सगळं सांगितलं. समोरच्याने विचारलं, खड्डा कुणी केला? ती म्हणाली, मी. नाव, पत्ता, आडनावाचं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. ओमकार शेजारी डोकं धरून बसला होता. पण स्पेलिंग चुकलं तेव्हा त्यानेच दुरुस्त केलं.

श्यामकांत: आणि ती माणसं आली?

निशिगंधा: लगेच. चिकणमातीचे ट्रक, पोती, सगळा लवाजमा. केस सांगत होता, आख्खा पायथा भरून काढला. इथल्या बांधांची माती म्हणे गवत कुजून झालेली असते. वाळली की हलकी होते.

श्यामकांत: हलकी झाली की पाणी तिला ढकलणार. बरोबर. आमच्याकडे काळी माती, तिची तऱ्हा वेगळी. पण झिरपणं सगळीकडे सारखंच, ती हिरवी जागा त्याचीच खूण. बांध झिरपतोच, निशिगंधा. स्वच्छ पाणी झिरपलं तर इंजिनिअरने खुशाल झोपावं. गढूळ आलं तर झोपू नये. गढूळ म्हणजे पाणी आतली माती घेऊन निघालंय. बाहेरून बांध उभा दिसतो आणि आतून पोकळ होत जातो.

निशिगंधा: तिथलं कसलं होतं, ते मला नाही माहीत. मी विचारलंच नाही.

श्यामकांत: तू कशाला विचारशील. ते पाटबंधाऱ्याच्या माणसाने विचारायचं.

(दार उघडून पूर्णिमा आत येते. मागे जिन्यात ओमकार सायकलींना कुलूप लावतो आहे.)

निशिगंधा: आलात? काय म्हणाले गं वॉटरस्खापचे?

पूर्णिमा: दंड केला. खणलं म्हणून दंड, आणि कळवलं म्हणून आभार. दोन्ही एकाच माणसाने, एकाच आवाजात. परमिटशी आमचा काही संबंध नाही म्हणाला. ओमकारने तीनदा विचारून घेतलं.

निशिगंधा: सुटलो बाई. बस, पाणी देते.

पूर्णिमा: बाबा, तुम्हाला काय बोलायचं ते बोलून टाका. मुळं मी विकणारच आहे, पण फक्त केसच्या शेतातली.

श्यामकांत: दंड बरोबर केला. मी असतो तर मीही केला असता.

पूर्णिमा: माहीत आहे मला.

श्यामकांत: खड्ड्यात पाणी कसलं आलं होतं?

पूर्णिमा: गढूळ. आत घातलेला हात दिसेना. म्हणून तर फोन केला.

श्यामकांत: हं.

पूर्णिमा: ओरडा ना.

श्यामकांत: चप्पल काढू नकोस. ती जागा दाखव मला.

पूर्णिमा: आत्ता? ऊन बघा बाहेर. आणि तिथे सायकलनेच जावं लागतं, बाबा.

श्यामकांत: मग अनिमेषची सायकल काढ. सीट जरा खाली घे.