येरमाळ्याला निघालेलं कासव

कासवामागं धावून कुणाला दम लागलाय का? मला लागलाय. बेंबळीच्या तळ्यातल्या एका कासवाच्या पाठीवर आम्ही अभ्यासासाठी यंत्र चिकटवलं होतं, ते कुठं फिरतं ते मोबाईलवर कळावं म्हणून. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर बघतो तर कासव डांबरी रस्त्यानं जीपच्या वेगानं निघालेलं. आमच्या सरांचे फोनवर फोन, "अरे, कुठंय ते?" चहा तसाच टाकून मी गाडीला किक मारली. येरमाळ्याजवळच्या एका शेतात मोबाईलवरचा कासवाचा ठिपका थांबला अन् गायबच झाला.

शेतात नवी विहीर, काठावर एक आजी. विचारलं, "आजी, कासव बघितलं का?"

"व्हय की. लेकीच्या विहिरीत आताच सोडलंय. कासवानं पाणी नितळ राहतंय."

"पण पाठीवरचं यंत्र दिसलं न्हाय का?"

"दिसलं म्हणून तर तेच आणलं. म्हटलं, पाणी साफ करायचं मशीन लावूनच दिलंय."

मी घाईघाईत सगळं समजावलं. आजीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं. मशीन तुमचं हाय, काढून न्या. कासव कुठं तुमचं हाय?"