डावीकडची पाकळी

मंडळी, देवळात कीर्तनाला बसलाच आहात, तर एक विचारू? तुमच्या डोळ्यांनी एक बघितलं आणि शंभर माणसं भलतंच म्हणाली, तर तुम्ही काय म्हणाल? थांबा, घाई नको! आधी ऐका!

समुद्राकाठचं एक गाव. तिथली द्वारकी, नवरा वारलेला. लेकीच्या लग्नात हळद कुणी लावली? हिने! स्वतःच्या हाताने! झालं! गाव पेटलं! "वाळीत टाका तिला!" म्हणजे विहिरीवर पाणी नाही, दारात माणूस नाही, मेली तर खांदा द्यायला कुणी नाही!

पण तिथे रीत होती, आधी कौल लावायची. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. आणि पडलेली पाकळी, ज्याच्याबद्दल कौल लावला त्याच्या ओंजळीत घालायची.

भिवा गुरव पापभिरू हो! देवीचा धाक होता, पण गावाचा त्याहून जास्त! हसताय काय? आपलं निराळं आहे?

देऊळ गच्च भरलेलं. द्वारकी खांबापाशी उभी. भिवाने गाऱ्हाणं घातलं, "आई, हिला वाळीत टाकायचं का?" सगळ्यांचे डोळे पाकळ्यांवर... आणि पडली! कुठली? डावी! सरळ देवीच्या डाव्या पायाशी!

गावाचे पुढारी दाजी खोत गरजले, "उजवी!" लगेच मागून, "उजवी! उजवी!" अहो, बघितलं तर सगळ्यांनीच होतं!

"बोल रे गुरवा!" दाजी म्हणाले. भिवाच्या मनात आलं, गुरवकी जाईल, उद्या आपलंच घर वाळीत! आणि तोंडातून गेलं, "उ... उजवी."

द्वारकी रडली नाही, भांडली नाही. पुढे आली, ओंजळ धरली. "भिवादादा, माझी पाकळी द्या."

आता आली का पंचाईत! तोंड उजवी म्हणालं, पण पाकळी आणायला पाय कुठे जाणार? उजवीकडे गेला भिवा, तिथे नुसता दगड! वर बघितलं, तर उजवी पाकळी अजून खांद्याला चिकटलेली! मग वळला. सगळ्या गावादेखत डावीकडे गेला, वाकला, पाकळी उचलली आणि द्वारकीच्या ओंजळीत घातली.

"वहिनी, खोटं बोललो मी. डावी पडली! दाजी, टाका मलाही वाळीत!"

तेवढ्यात एक म्हातारी पुटपुटली, "मलाबी डावीच दिसली." मग तिची सून. मग कोपऱ्यातून दोघं. आणि बघता बघता, मघाशी बोंबलणारे तेच, "डावी! डावी!" एकटे दाजी खोत तेवढे चपला शोधत होते! वाचली द्वारकी.

आता सांगा. त्या देवळात असता, तर जे पहिल्याच झटक्याला "डावी" म्हणाले असते, त्यांनी हात वर करा!

...कुणीच नाही?

हां, त्या माउलीने केला. आता हे दोघे. अरे वा, आता तर सगळं देऊळच!

मंडळी, खाली घ्या हात. आधी शेजाऱ्याकडे बघून मग वर केलात. मी इथून बघत होतो!