पायाळू पोरीचा डावा पाय

सई, अमेय, हे आज सांगते आहे, कारण परवा फोनवर सई हसत म्हणाली, आजी, माझ्या पोटातल्या बाळाचे पाय खाली आहेत, तुमच्या भाषेत पायाळू. तुमची आई माझ्या शेजारी बसली होती. ती उठून आत गेली. ती लंगडते, कारण लहानपणी ओट्यावरून पडली, असं मीच तुम्हाला सांगत आले. ती पडली नव्हती.

तीही पायाळू. मी तेव्हा कोल्हारला शाळेत इंग्रजी शिकवायचे. पायाळूचा पाय लागला की कमरेतली उसण जाते असं आपल्याकडे मानतात, तर काय सांगू, ती महिन्याची झाली नाही तोच माणसं यायला लागली, कुणी ऊस तोडताना, कुणी पोतं उचलताना कंबर धरलेली, ओट्यावर पालथी पडायची आणि मी पोर उचलून तिचा पाय त्यांच्या पाठीला लावायचे. माझा विश्वास नव्हता, पण मास्तरणीच्या दारी माणसं येतात हे मला आवडायचं. डावाच पाय लावायचे. तो ती कमी झाडायची, हातात नीट राहायचा.

बाळाला न्हाऊ घालायला कृष्णाबाई यायच्या. गावातली निम्मी मुलं त्यांच्या पायांवर न्हालेली. दुसऱ्या महिन्यात तेल लावता लावता थांबल्या.

बाई, डावी मांडी उजवीवानी उघडत न्हाई. मांडीच्या वळ्या बी सारख्या न्हाईत. डाक्टरला दावा.

मी म्हणाले, कृष्णाबाई, तुम्ही न्हाऊ घाला, बाकीचं मी बघते. हसत म्हणाले. त्याही हसल्या, म्हणाल्या, व्हय, तुमी शिकलेल्या. मग मी पाय सरळ व्हावेत म्हणून बाळंत्यात दोन्ही पाय जोडून, ताणून, आणखी घट्ट बांधायला लागले, रोज, न चुकता. मी सगळं न चुकता करते.

दीड वर्षाची झाली तेव्हा चालली, आणि एका बाजूला झुकत चालली. नगरच्या डॉक्टरांनी फोटो काढला. खुब्याचा गोळा खोबणीत नव्हताच. पहिल्या काही महिन्यांत आणली असती तर मांड्या फाकवून ठेवणाऱ्या पट्ट्यावर बहुतेक भागलं असतं, म्हणाले. पाय ताणून बांधलेत ते त्याहून वाईट. मग शस्त्रक्रिया, मग कमरेपासून प्लास्टर, मग पुन्हा शस्त्रक्रिया. त्या दिवसांतलं मला रडणं आठवत नाही, ना तिचं, ना माझं. प्लास्टरचा वास आठवतो.

कृष्णाबाई बघायला आल्या. मला दोष दिला नाही. म्हणाल्या, म्या एकदाच बोलले, दुसऱ्यांदा बोलायला पायजे हुतं.

म्हणून मी दुसऱ्यांदा बोलते आहे. सई, बाळ पायाळू आहे आणि तुझ्या आईला हे होतं, या दोन्ही गोष्टी तिथल्या डॉक्टरांना सांग. जन्मल्यावर मांड्या उघडून तपासू देत, आणि तेव्हा काही सापडलं नाही तरी दीड महिन्याच्या सुमाराला खुब्याची सोनोग्राफी करायला सांग. गुंडाळशील तेव्हा पाय मोकळे ठेव, बेडकासारखे. बाळाला न्हाऊ घालणारी कुणी काही म्हणाली तर ऐक.

कृष्णाबाई गेल्या. बाळंती मी जाळली. तुमच्या आईची डावी चप्पल दारात आहे, तिचा तळ उजवीपेक्षा दीड बोट उंच आहे.