भाताच्या तुसाचं चाक

माझं नाव शालन. माहेर शाहूवाडीकडं, डोंगरात, भातशेतीतलं. लगीन हून गडमुडशिंगीत आलो आन दोन वर्सांत कागलच्या एमआयडीसीत लागलो, लोखंड घासायची चाकं करत्यात त्या कारखान्यात. मी माल मिसळायला, आन आमचं ह्ये तयार चाक जोरात फिरवून बघायच्या मशिनीवर.

काय सांगू तुम्हाला, चाकात बारीक बारीक भोकं लागत्यात, न्हायतर घासताना लोखंड जळतंय. त्यासाठनं मालात डांबरगोळीची पूड घालायची, तापलं की ती उडून जाती आन भोक ऱ्हातंय. पर त्यो वास, डोस्कं धरायचं, डोळं चुरचुरायचं, डबा उघडला तरी त्योच वास. मग लॅबला नव्या मॅडम आल्या, म्हणाल्या ही पूड बंद करू, भाताचं तूस दळून घालू, ते बी भट्टीत जळून भोक ऱ्हातंय. मी हसलो, म्हटलं आमच्यात तुसावर चूल पेटवत्यात.

पयली खेप भट्टीतनं निघाली ती तडकूनच. साहेब म्हणालं बास झालं, जुनी पूड आना. मला ऱ्हावंना, म्हटलं साहेब तूस दमट हाय, वरनं कोरडं दिसतंय पर पानी धरतंय, मला दोन दिस द्या. बोलून बसलो आन तूस घिऊन कामाला लागलो. उनात वाळवलं, पत्र्यावर भाजलं, चाळलं, परत चाळलं.

दुसरी खेप धड निघाली. पर आत तडा असला तर फिरवताना चाक फुटतंय, मागं एक फुटलं तवा मशिनीचं लोखंडी झाकण वाकलतं. मिसळ माझ्या हातची आन बटनावर हात ह्येंचा. मी म्हटलं, आज दुसऱ्या कुनाला हुभं करा की. ह्ये म्हणालं, दुसऱ्याच्या घरात बायको न्हाय व्हय?

ह्येंनी बटन दाबलं. चाक फिराय लागलं, आवाज चढत गेला, मॅडमनी माझा हात धरला तर त्यांचाच हात गार. मला ह्येंची पाठ तेवढी दिसतीया. मशीन थांबली. ह्येंनी चाक काढून टिचकी मारली, धड चाक खणखणीत वाजतंय, तसं वाजलं. मी तितंच खाली बसलो.

आता ल्हान चाकं तुसाची हुत्यात. मोठ्या चाकाला अजून जुनीच पूड, त्यो माल मिसळायच्या दिशी डोळं चुरचुरत्यातच. मॅडम म्हणत्यात हुईल, हुईल तवा हुईल. पावणं, मी आपलं एवढंच म्हणतो, मशिनीम्होरं हुभं ऱ्हाणारं परत्येक माणूस सांजंला धड घरी जाऊ दे.